तड्याची वेल

मी एक जुनी कागदी जाळी आहे, पण मला रद्दीत धरू नका, मित्रांनो. लखनौच्या चौकात रेशमावर सोनेरी तारेचं भरतकाम करणारे कारागीर मला खाका म्हणतात. माझ्या अंगावर सुईने पाडलेली हजारो भोकं आहेत. मला कापडावर पसरायचं, रॉकेलमध्ये कालवलेली खडूची पूड बोळ्याने फिरवायची, की खाली नक्षी उमटते. मिरवतात ते, वाट मी दाखवते.

माझी आई दगडाची. गोमतीकाठच्या पडक्या बारादरीत, म्हणजे बारा दारांच्या जुन्या महालात, एका खिडकीला दगडी जाळी होती. खाके बनवणाऱ्या अच्छनमियांनी तिच्यावर मला धरून कोळसा घासला. जाळीला या कोपऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत तडा गेलेला. मियांची नजर अधू. त्यांना ती वेल वाटली. त्यांची लेक नफीसा हिला दिसत होतं, पण बापाचं मन मोडवेना. तिने त्या तड्यावरही भोकं पाडली.

मग काय विचारता! कितीतरी नवऱ्या मुलींच्या ओढण्यांवर तो तडा सोन्याने फुलला. “काय नाजूक वेल आहे!” बायका म्हणायच्या. मी ऐकून घ्यायची.

पुढे पुरात बारादरी खचली. अच्छनमियाही गेले. मी कपाटामागे पडले. झुरळांनी कोपरा खाल्ला. झोपेत मात्र मी दगड व्हायची आणि नदीचा वारा माझ्यातून जायचा.

एके दुपारी दिल्लीची देविका आली. जुन्या इमारती पाहून लग्नाचे उंची कपडे बेतणारी. तिने मला कपाटामागून काढून उलगडलं.

“खाला, लेहंग्याला हीच जाळी हवी. पण ही वाकडी रेघ काढा. वेल कुठली, तडा आहे हा! मी संगणकावर सरळ करून नवा खाका आणते. हा टाकून द्या.”

“चाळीस वर्षं ठाऊक आहे मला,” नफीसा म्हणाली; आता ती सगळ्यांची खाला, म्हणजे मावशी. “अब्बांना बोलले नाही, ते तुझ्याकडून ऐकू होय?”

कारागीर मुस्तकीम खो खो हसला. “म्हणजे इतकी वर्षं आम्ही भेगच काढत होतो?”

“तिच्यावरच तुझी बिर्याणी शिजली. गप सुई चालव!”

खालाने मला खिडकीशी धरलं. ऊन माझ्यातून गेलं आणि समोर ताणलेल्या पांढऱ्या रेशमावर नदीकाठची जाळी उभी राहिली, पाण्यात पाहावी तशी हलती. देविकाने त्या उजेडात हात घातला. तडा तिच्या बोटांवरून वाहत गेला.

“ही खिडकी कुठे आहे, खाला?”

“नदीत. एवढीच उरली. उभी होती तोवर तड्यासकट उभी होती, पोरी. तुझा लेहंगा एका दिवसाचा, आणि तोरा बघ!”

देविकाने उजेडातून हात काढून घेतला. “राहू दे रेघ. पण मी तिला तडाच म्हणणार.”

“म्हण की. फक्त अब्बांच्या कबरीजवळ मोठ्याने बोलू नकोस.”

त्याच संध्याकाळी माझ्या कुरतडलेल्या कोपऱ्याला मलमलीची पट्टी लागली.

मित्रांनो, आम्हा म्हाताऱ्यांना घड्या घालून कोंबू नका. सैल गुंडाळून ठेवा. आणि कुणाची वाकडी रेघ दिसली, तर पुसण्याआधी तिला एकदा उजेडाला धरा.