कॉलरमधला टॅग

आमच्या मिरचीच्या कारखान्यात हातातल्या आरएफआयडी रीडरला सगळे ‘गन’ म्हणतात. काळी-पिवळी, जाड रबराची, हातमोजा घालूनही घोडा दाबता येईल अशी. अब्बा इथेच फिटर होते. मला सेफ्टीच्या कामावर घेतलं तेव्हा ते म्हणाले, "ही हातातून पडली तर हिची काळजी करू नकोस. फरशी फुटली का ते बघ."

कायम कामगारांच्या जॅकेटच्या कॉलरमध्ये धुतलं तरी न बिघडणारा टॅग शिवलेला असतो. हंगामी मजुरांच्या गळ्यात तो कार्डात असतो. भोंगा झाला की सगळ्यांनी फाटकाजवळच्या निंबाखाली जमायचं. मी गन फिरवली की पडद्यावर मोठा आकडा येतो आणि त्याखाली नावं. आकडा पाळीच्या हजेरीशी जुळला की हॉलची दारं लावून आत आग विझवणारा वायू सोडतात. त्या वायूत माणूस जगत नाही.

अब्बांना जाऊन दोन महिने होत आले होते. दुपारी ड्रायरच्या तळाला साचलेल्या मिरचीने पेट घेतला. भोंगा झाला. माणसं तोंडाला फडकी धरून, खोकत निंबाखाली आली. पाळीला एकतीस जण होते. मी गन फिरवली. एकतीस.

"एकतीस भरी ग्यात," सुपरवायझर अजित ओरडला. "सम्दा बाहेर शेतस. दारं लावा रे!" आणि तो वायू सोडायच्या दांड्याकडे धावला.

शेवटी वाचलेली नावं सगळ्यात वर दिसतात. वरचं नाव उदेसिंगचं होतं, तो माझ्याजवळच उभा होता. त्याच्याखाली मुजफ्फर शेख, अब्बांचं नाव.

मी मान वर केली. उदेसिंग धडगावकडचा, हंगामापुरता हमालीला आलेला. त्याच्या अंगात अब्बांचं जॅकेट होतं. चाळिसाव्या दिवसाच्या विधीनंतर अम्मीने त्यांचे कपडे वाटले होते. जॅकेट धुऊन, इस्त्री करून दिलं होतं. कॉलर चाचपून बघायचं तिला सुचण्याचं कारण नव्हतं. आणि यंत्रातून ते नाव अजून कोणी काढलं नव्हतं.

"अजित, थांब! वायू सोडू नको!"

"आकडा तं बरोबर शे ना, ताई."

"त्यात अब्बा मोजले गेलेत."

तो माझ्याकडे ज्या नजरेने बघायला लागला ती मला ओळखीची झाली होती. घरी भेटायला येणारे तसंच बघायचे. मी गन त्याच्या तोंडासमोर धरली. त्याने वाचलं, उदेसिंगच्या जॅकेटकडे पाहिलं आणि दांड्यावरचा हात काढला.

"मझार हॉलमा कोण ऱ्हायनं?" तो सगळ्यांकडे वळून ओरडला.

नावं घेऊन हाका मारल्या. मिरच्या निवडणाऱ्या दिवलीबाईने ओ दिली नाही.

अजित आणि एक गडी मास्क लावून आत गेले. मी दाराशी उभी राहिले. धुरात डोळे उघडे ठेवणं कठीण होतं, पण मिटले नाहीत. थोड्या वेळाने दिवलीबाई ओल्या लुगड्याचा पदर तोंडावर गुंडाळून त्यांच्यामधून चालत आली. ती हॉलच्याच मागच्या कोपऱ्यातल्या मोरीत डोळे धूत बसली होती.

"भोंगा आयकू नही उना का, बाई?" अजितने मास्क ओढून काढत विचारलं.

"नळ चालू व्हता."

"आन् धूर? खोकला?"

"खोकला तं रोजज येस. आज काय नवं शे?" ती उलट त्याच्यावरच चिडली. "माले ओढू नको, मी काय म्हातारी शे?"

कोणीतरी हसलं. मग बरेच जण हसले. दारं लागली, वायू सोडला, आग विझली.

अजितच्या सांगण्यावरून मी पुन्हा गन फिरवली. बत्तीस.

"काय लिहू, ताई?" त्याने हळूच विचारलं.

"एकतीस लिही."

उदेसिंग तेवढ्यात जॅकेटच्या गुंड्या काढायला लागला होता. "तुन्ही मायनीच दिनं ना, ताई. माले काय ठाऊक."

"काढू नकोस, थंडी आहे. फक्त मान खाली कर."

मी प्रथमोपचाराच्या पेटीतली कात्री घेतली. कंपनीची शिवण कधीतरी उसवली असावी. अब्बांनी टॅग गोणी शिवायच्या दोऱ्याने, तोही दुहेरी करून, परत शिवला होता. छोट्या कात्रीला तो आवरेना. उदेसिंग मान वाकवून, न हलता उभा राहिला. मी एकेक टाका कापत गेले.