तिच्या वाटणीची हवा

बोलण्यात त्याचा हात धरणारा त्याच्या ओळखीत तरी कुणी नव्हता. धंदा गाडी शिकवण्याचा. शेजारच्या सीटवर बसायचे, जादा ब्रेकवर पाय ठेवायचा आणि घाम फुटलेल्या नवशिक्याला दिवसभर एकच मंत्र द्यायचा, "घाबरायचं नाही. घाबरलात की संपलात." लोका सांगे ब्रह्मज्ञान ही म्हण काढणारा बहुधा अशाच कुणाच्या तरी शेजारी बसून काहीतरी शिकला असावा.

बायको त्याच्या अगदी उलट. ती तरणतलावावर मुलांना पोहायला शिकवी आणि घरी आल्यावर मोजकेच बोले. तिचे मन मात्र समुद्रात. किनाऱ्यावर स्कूबा डायव्हिंगची एक शाळा होती, ती चालवणाऱ्या पिकल्या मिशांच्या गृहस्थांना सगळे मास्तर म्हणत. त्यांच्याकडे शिकून शिकून ती इतकी तयार झाली होती, की आता तिला त्यांच्याच शाळेत शिक्षिका व्हायचे होते. एक जागा रिकामी होती. मास्तरांनी बरेच दिवस मिशीला पीळ दिला आणि अखेर म्हणाले, "तू चांगली आहेस ते मला दिसतंय. पण दुसऱ्याला सांभाळता येतं का ते बघायचंय. रविवारी तुझ्या नवऱ्याला खाली ने आणि सुखरूप वर आण. तीच तुझी परीक्षा."

नवऱ्याने नुकताच जेमतेम सुरुवातीचा कोर्स केला होता, तोही तिच्याबरोबर फिरता यावे म्हणून. त्यामुळे परीक्षेला सामान म्हणून तो अगदी योग्य होता. हे त्यानेच हसत हसत चार जणांना सांगितले.

रविवारी सकाळी समुद्र शांत होता. मास्तरांना सर्दी झाली होती; सर्दीत खाली गेले की कानाचे पडदे जातात, म्हणून ते बोटीवरच थांबणार होते. मजा बघायला मेहुणा, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, आला होता. बोटीवरच्या माणसाने दोघांचे सिलिंडर जोडून, त्यांच्या चाव्या पूर्ण उघडून ठेवल्या होत्या. पण आपला हा गाडी शिकवणारा. दुसऱ्याने लावलेला आरसा त्याला जन्मात पटला नव्हता. शिवाय त्याने कुठेतरी ऐकले होते, की जुने डायव्हर सिलिंडरची चावी शेवटपर्यंत फिरवतात आणि मग अर्धा आटा मागे घेतात. मास्तरांनी ही सवय सोडायला सांगितली होती. ह्याने कुणाला न विचारता चावी शेवटपर्यंत फिरवली आणि अर्धा आटा मागे घेतली. फक्त पहिल्यांदा फिरवली ती उलट्या बाजूला. दिवसभर लोकांना "डावीकडे, डावीकडे" ओरडणाऱ्या माणसाचे डावे-उजवे तिथे चुकले. चावी बंद झाली आणि मग जेमतेम किलकिली उघडली. वर बोटीत तेवढ्यावर श्वास छान चालतो. खाली चालत नाही.

पाण्यात उतरण्याआधी जोडीदाराने जोडीदाराचे सामान तपासायचे असा नियम आहे. ती त्याच्यासमोर येऊन म्हणाली, "दोनतीनदा जोरात श्वास घे. मी काटा बघते."

श्वासाबरोबर हवेच्या मीटरचा काटा नाचला असता तर चावी नीट उघडलेली नाही हे तिला लगेच कळले असते. पण तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "अगं, घरी रोज तपासणी असतेच. इथे तरी सुटी दे!"

मेहुणा खो खो हसला. मास्तर मिशीतल्या मिशीत हसले. तीही हसली आणि हात मागे घेतला.

खाली सुरुवातीला सगळे नुसते सुंदर होते. नांगराच्या दोरीला धरून दोघे उतरले. पाण्याखाली त्याला बोलता येत नसे, आणि तिच्या मते तो त्याचा सगळ्यात चांगला अवतार होता. खडकांच्या कडेला एक भले मोठे कासव कुणाचीही पर्वा न करता चरत होते. तिने त्याच्या दंडाला स्पर्श करून ते दाखवले. ते कासव त्याला अजून आठवते, पाठीवरच्या शेवाळासकट. कारण त्यानंतर लगेच त्याला हवा मिळेनाशी झाली.

आधी नुसती जड झाली. मग जोरात ओढूनही अर्धाच घोट आला. मग काहीच नाही. अशा वेळी काय करायचे ते कोर्समध्ये शेवटच्या बाकावरच्यालाही पाठ होते. गळ्यावरून आडवा हात फिरवायचा आणि जोडीदाराच्या छातीवर लटकलेली पिवळी नळी घ्यायची. ती त्यासाठीच असते. त्याची पाचावर धारण बसली. त्याला पिवळी नळी दिसलीच नाही. त्याला तिच्या तोंडातून निघणारे बुडबुडे दिसले. त्याने झडप घातली आणि बायकोच्या तोंडातली नळी उपटून स्वतःच्या तोंडात कोंबली.

त्या झटापटीत तिचा मास्क तिरका होऊन त्यात पाणी शिरले. पाण्यामागून तिचे डोळे त्याला दिसले. त्यात राग नव्हता. ओळखीच्या कुत्र्याने चावावे तसे आश्चर्य होते. एका हाताने तिने त्याच्या जॅकेटचा पट्टा घट्ट धरला, दुसऱ्या हाताने चाचपडत पिवळी नळी शोधली आणि तोंडात घातली. तोवर तिच्या पोटात खारे पाणी गेलेच होते. मग तिने त्याच्या पाठीमागे हात नेला, चावी चाचपली, पूर्ण उघडली आणि त्याला खूण केली, आता तुझी नळी चालेल, घे.

त्याने नकारार्थी मान हलवली. दात तिच्या नळीवर आवळलेले. एका सिलिंडरवर दोन माणसे, त्यातले एक धापा टाकणारे; तिचा काटा भराभर खाली चालला. तरी तिने त्याला सावकाश वर आणले, कारण खालून एकदम वर आले की छाती फाटू शकते. तो वर पळायला बघत होता, ती खाली ओढून धरत होती. त्याची लाथ तिच्या पोटात बसली तरी तिने पट्टा सोडला नाही. परीक्षा म्हणाल तर अशी कुणी कधी दिली नसेल.

बोटीवर आल्या आल्या ती कठड्यावर ओणवी झाली आणि ओकू लागली. तो पाटावर बसला. त्याच्या अंगाला खरचटलेलेसुद्धा नव्हते.

मास्तर धावत आले. त्यांनी दोघांचे काटे पाहिले. तिचा अगदी तळाला टेकलेला, त्याचा अर्ध्याच्याही वर. घाबरलेला माणूस अधाशासारखी हवा पितो, हे मास्तरांना आयुष्यभराच्या अनुभवाने माहीत होते. त्यांनी तिच्याकडे पाहिले, त्याच्याकडे पाहिले आणि हळू आवाजात विचारले, "घाबरली का ती?"

आणि त्याने मान हलवली. होकारार्थी.

एवढेच झाले होते. नुसती मान. तिथेच थांबला असता, तर मागाहून दम लागला होता, काही सुचत नव्हते असे म्हणता आले असते. पण बोलणाऱ्याची मातीही विकली जाते, आणि ह्याला तर विकायची सवयच. मेहुण्याने पाठीवर टॉवेल टाकत विचारले, "भावजी, नक्की काय झालं?" आणि ह्याच्या तोंडाचा नळ सुटला. तिचा श्वास कसा लागला, आपण तिला कसे धरले, आपण म्हटले घाबरू नकोस, मी आहे.

"पाण्याखाली म्हटलंत?" मेहुण्याने विचारले.

"खुणेनं रे."

मास्तर तिच्याजवळ गेले. "खरं का हे?"

तिने हाताच्या पालथ्या बाजूने तोंड पुसले. नवऱ्याकडे बराच वेळ पाहिले. "त्याला विचारा," ती घोगऱ्या आवाजात म्हणाली. "त्याला सगळं माहीत आहे."

मास्तरांना वाटले ती शरमली आहे. शरमायला पाहिजे होते ते पाटावर बसून गरम चहा पीत होते.

गाडीत तो म्हणाला, "वेळच तशी आली गं. मास्तरांनीच तसं विचारलं. मी सांगतो त्यांना नीट."

"कधी?"

"उद्या."

उद्या तो गेला नाही. परवा एक नवशिकी खांबाला धडकली, म्हणून जमले नाही. चौथ्या दिवशी सासूबाईंनी जेवायला बोलावले. मेहुण्याने घरभर डंका पिटलेलाच होता. दारातच सासूबाईंनी त्याच्या डोक्यावरून हात फिरवला आणि त्यांचे डोळे भरून आले. "माझी मुलगी तुमच्यामुळे परत मिळाली हो. जावई नाही, देवमाणूस आहात." ताटात आधी त्याला वाढले. मेहुण्याच्या लहान मुलीने विचारले, "आत्या, तू रडलीस का पाण्यात?" सगळे हसले. बायकोने मुलीला मांडीवर घेतले आणि म्हणाली, "नाही गं." धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरे, असे त्याला वाटले. पण धरणीला बहुधा दुसरी कामे होती. सासूबाईंनी आग्रह केला तेव्हा त्याने दुसऱ्यांदा वाढूनही घेतले. स्वतःचा इतका तिटकारा त्याला कधी आला नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांचा फोन आला. ती "हं, हं" म्हणत ऐकत होती. "बरोबर आहे तुमचं," म्हणाली आणि फोन ठेवला. मग शिटी गळ्यात अडकवून तरणतलावावर निघून गेली.

तेव्हा कुठे तो शाळेत गेला. मास्तर टेबलावर मास्क धुऊन ओळीने मांडत होते. त्याने उभ्या उभ्याच सांगितले. चावी उलटी फिरवली ते, तपासणी हसण्यावारी नेली ते, नळी उपटली ते, लाथ मारली ते. नंतर चावी तिनेच उघडली, म्हणून माझा काटा भरलेला होता, हेही. पहिल्यांदाच त्याने एखादी गोष्ट सांगताना त्यात पदरचे काही घातले नाही.

मास्तरांनी मास्क मांडणे थांबवले. असली चूक कुणी मनाने रचून सांगत नाही, हे त्यांना कळत होते. शेवटी ते हातातला मास्क पुसत म्हणाले, "मी सकाळी तिला म्हटलं, पोहणं वेगळं आणि जबाबदारी वेगळी. तिला म्हटलं मी हे! आणि ती म्हणाली, बरोबर आहे तुमचं."

"तिला घ्या, मास्तर."

"जागा दिली मी. दुपारी दुसरा मुलगा रुजू होतोय. त्याला आता काय सांगू? पुढच्या हंगामात बघू, जागा झाली तर." मग ते खुर्चीत बसले. "तुम्ही सोमवारी यायला हवं होतं."

वरातीमागून घोडे म्हणतात ते हेच.

घरी ती पलंगावर बसून टॉवेलांच्या घड्या घालत होती. त्याने सगळे सांगितले. ती माफ करील अशी आशा त्याने मनात कुठेतरी लपवून आणली होती, हे कबूल करायला हवे.

"बरं केलंस," ती म्हणाली. "मीही त्या वेळी हसले. काटा बघायला हवा होता. तेवढी चूक माझी."

"तुझी कसली चूक? घाबरलो मी. नळी ओढली ती मी."

"ते मी त्याच दिवशी विसरले. खाली तुला हवा नव्हती. बुडणारा माणूस कुणालाही धरतो, मी मुलांना शिकवते ना, मला माहीत आहे." तिने घडी बाजूला ठेवली. "पण बोटीवर तर भरपूर हवा होती."

त्याने तिच्यापुढचा एक टॉवेल उचलला आणि परत खाली ठेवला.

"आईला सांगितलंस?" तिने विचारले.

"नाही."

तिने फोन लावला, आवाज मोठा केला आणि त्याच्या हातात दिला. पलीकडून सासूबाईंचा आवाज आला. त्यात इतकी माया होती, की त्याला मेल्याहून मेल्यासारखे झाले. "बोला, बोला जावईबापू!"

"आई, त्या दिवशी पाण्यात ती घाबरली नव्हती. मी घाबरलो. मी तिच्या तोंडातली नळी ओढली. तिनं मला वर आणलं. मी सगळ्यांना खोटं सांगितलं."

पलीकडे सासूबाई हसल्या, डोळे पुसत हसावे तशा.

"कळतं हो मला. तिची नोकरी गेली ना, म्हणून सगळं स्वतःवर घेताय. किती मोठं मन तुमचं! पण आईला नाही फसवता येत."

"आई, नाही हो. खरंच सांगतोय."

"असू दे, असू दे. तिला म्हणावं, असा नवरा नशिबानं मिळतो."

फोन ठेवला गेला. सगळ्यांच्या गळी उतरवलेले ते खोटे आता त्याच्याच्यानेही उपटून निघत नव्हते. त्याने मान वर करून तिच्याकडे पाहिले. ती रडत नव्हती, हसतही नव्हती.

"उद्या परत सांग," ती म्हणाली आणि पुढचा टॉवेल घेतला. "तिला पटेपर्यंत सांगत राहा. तुला बोलायला कुठे कंटाळा येतो?"