सुनेच्या वाटचा भात

माझी सून चिक्कू आहे, हे मी जिन्यात भेटेल त्याला सांगायचे, आणि कौतुकाने सांगायचे. बाळंतपणाच्या रजेवर घरी बसल्यापासून तिने घराला अशी काही शिस्त लावली होती की विचारू नका. माझा लेक लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर आहे. दिवसभर विजेच्या तारांत हात घालतो, तिथे घाबरत नाही. पण न्हाणीघरातला दिवा चालू राहिला की जीभ चावत परत धावायचा.

"अरे, बायको आहे ती, पोलीस नाही," मी म्हणायचे.

"तू सांग ना तिला तसं," तो म्हणायचा. मी कशाला सांगू? मला काय जीव जड झालाय?

तिचा हात मुळातच राखून चालणारा. कपड्यांच्या कारखान्यात ती कापणीच्या टेबलावर काम करते. कापडाचे थर अंथरायचे, त्यावर कागदाचे नमुने मांडायचे, आणि ते असे खेटून मांडायचे की दोन नमुन्यांच्या मध्ये चिंधीसुद्धा वाया जाता कामा नये. बाकीच्यांच्या टेबलाखाली पोतंभर कातरण पडतं, हिच्या टेबलाखाली ओंजळभर. तीच नजर तिने घरावर फिरवली. जुन्या चादरींचे लंगोट झाले, माझ्या लेकाचा बाहेरचा चहा बंद झाला, आणि बाजारात आम्ही दुकानं आवरायच्या वेळेला जाऊ लागलो, कारण तेव्हा भाजीवाले भाव पाडतात.

हे सगळं कशासाठी, तर नातीसाठी. नात दिवस भरायच्या आधीच झाली. एवढीशी, म्हणून आम्ही तिला मुंगी म्हणतो. डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं की हिला आईचं दूध आणि आईची ऊब जितके दिवस मिळेल तितकं बरं. कारखान्याची पगारी रजा तर संपत आलेली. पुढे दोन महिने बिनपगारी रजा देतात, टेबलही राखून ठेवतात, पण तसं रजा संपायच्या आत व्यवस्थापकाला कळवायला लागतं. आमचं घरभाडं जातं सुनेच्या पगारातून. लेकाचा पगार खाण्यापिण्यात आणि इस्पितळाच्या हप्त्यांत संपतो. माझं निवृत्तीवेतन म्हणजे नुसतं नावाला.

"दोन महिन्यांचं भाडं बाजूला पडलं की मी फोन करणार," सून म्हणाली होती. "नाही पडलं तर मुंगीला टाकून कामावर जावं लागेल. आणि आई, मी नाही जाणार. काय वाट्टेल ते करीन." मांडीवर ते मुठीएवढं पोर घेऊन बसली होती, पण आवाज पक्का पोलिसाचा.

आता माझी गोष्ट ऐका. मी सगळी उमर शाळेच्या मुदपाकखान्यात काढली. तीनशे पोरांचा भात एका वेळी. तिखट-मीठ हाताच्या अंदाजाने, आणि पातेल्याच्या तळाशी काय उरलं ते बघून दुसऱ्या दिवशीचे तांदूळ ठरवायचे. उरलं तर कमी घ्यायचे, खरवडलं गेलं तर वाढवायचे. मुदपाकखान्याचा कायदाच तो. तीनशेंचं मला बरोबर जमायचं, पण तिघांचं काही केल्या जमेना! रोज उरायचं. लेक जेवून कामावर जायचा, मी जेवून मुंगीला घ्यायचे, आणि सून म्हणायची, "तुम्ही बसा, मी मागून जेवते." मागून बघावं तर पातेल्यात भात आहेच.

मला वाटलं, माझाच हात सैल. हिने एवढा कंबर कसून संसार चालवायचा आणि मी मूठमूठ तांदूळ जास्त टाकायचे? मी मूठ कमी केली. तरी उरलं. आणखी कमी केली. अंडी तीन उकडायचे, एक उरायचं, मग दोनच उकडू लागले. दूधवाल्यालाही कमी घालायला सांगितलं. सून म्हणाली, "आई, तुम्हाला छान जमायला लागलं हं." आणि मी मूर्ख बाई फुलून गेले! या वयात तिघांचा स्वयंपाक शिकले म्हणून लेकासमोर फुशारकीसुद्धा मारली.

मग मुंगीच्या वजनाचा दिवस आला. दवाखान्यात आम्ही दोघीच होतो. परिचारिकेने पोरीला काट्यावर ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. आधीच्या खेपेइतकंच वजन. तसूभर वाढ नाही.

सुनेचा चेहरा पांढराफटक पडला. "पण मी तिला सारखी पाजते. दिवसरात्र पाजते."

"बाळ ओढतंय छान," परिचारिका म्हणाली. "मिळत कमी असावं. काल तुम्ही काय काय खाल्लंत?"

सुनेच्या आधी मीच पुढे सरसावले. "खाते की सगळं. घरचं ताजं असतं, मी स्वतः करते."

"तुम्हाला नाही विचारलं, आजी," परिचारिका म्हणाली. "हं, सांगा. सकाळी?"

"चहा."

"दुपारी?"

"थोडा भात."

"थोडा म्हणजे?"

सुनेने चार बोटं जुळवून दाखवली. रात्री काय, तर पाव. अंडं? अंडं नवऱ्याला. दूध? दूध आईंच्या चहाला लागतं.

तळाशी उरायचं ते माझं चुकलेलं माप नव्हतं. ते तिचं जेवण होतं. ती न जेवता ठेवायची, मला वाटायचं जास्त झालं, म्हणून दुसऱ्या दिवशी मी तेवढं कमी करायचे, आणि ती त्यातूनही पुन्हा उरवायची! तीनशे पोरांना पोटभर घालणाऱ्या बाईच्या घरात बाळंतीण अर्धपोटी, आणि ते मीच केलेलं. मला स्वतःचा इतका राग आला की कानशिलं तापली.

घरी आलो. दार लावलं आणि मी सुटले. "उपाशी राहिलीस? माझ्या डोळ्यांदेखत?"

"उपाशी नाही हो. कमी खाल्लं."

"का पण?"

"कारण बाकी कुठेच काही कापायला उरलं नव्हतं!" तीही कडाडली. "मुंगीचं कापू? तुमच्या औषधांचं कापू? हे दिवसभर जिने चढतात, त्यांचं कापू? एक माझंच होतं, कुणाला न सांगता कापता येण्यासारखं. एका महिन्याचं भाडं जमलंय, आई. एकच राहिलंय." आणि मग ती रडायला लागली. "तिच्याजवळ राहता यावं म्हणून केलं, आणि तिचंच वजन..."

मला तिची दयाही आली आणि दोन लगावाव्यात असंही वाटलं. मी उठून पातेलं चुलीवर चढवलं आणि तांदूळ घेतले, या खेपेला मुठीने नाही, वाडग्याने. घरात होती ती चारही अंडी उकडली. ती जेवेपर्यंत समोरून हलले नाही. रडत रडत जेवली, पण जेवली.

ती नि मुंगी झोपल्यावर मी चपला घातल्या आणि थेट शाळेत गेले. तिथली आताची मुख्य स्वयंपाकीण एके काळी माझ्या हाताखाली भाज्या चिरायची. मी म्हटलं, "बदलीला बाई हवीय का?"

"ताई, तुम्ही? अहो, तुमचे गुडघे!"

"गुडघ्यांनी कुठे भात शिजतो? सकाळच्या पाळीला ठेव. दोन महिने."

ती हसली आणि भिंतीवरचा एप्रन काढून माझ्या हातात दिला. तिची एक बाई खरंच सुट्टीवर होती.

संध्याकाळी हे घरात सांगितलं तर केवढा गहजब! लेक म्हणाला, लोक काय म्हणतील. म्हटलं, लोक आपलं भाडं भरणार आहेत का? सून म्हणाली, "आई, या वयात नाही हं. मी नाही तुम्हाला जाऊ देणार. आधीच तुम्हाला जिना चढवत नाही."

"माझे गुडघे माझे आहेत," मी म्हटलं. "तुझं दूध मुंगीचं आहे. त्यावर तुझी सत्ता नाही, की वाटेल तेव्हा कमी करशील. वाचव, हवं तेवढं वाचव, माझं काही म्हणणं नाही. पण ताटाला हात लावलास तर गाठ माझ्याशी आहे."

"मग मी काय करू?" लेकाने विचारलं.

"तू भांडी घास. रोज. आणि पाणी जपून वापर, तिची नजर असेल."

त्या दिवसांत पहिल्यांदा सून खुदकन हसली.

कामाला लागले ती लागलेच. पहिल्या आठवड्यात गुडघ्यांनी देव दाखवला, खोटं कशाला बोलू. सकाळी मोठं पातेलं उतरवताना डोळ्यांत पाणी यायचं. पण घरी आल्यावर सून पाय चेपायला बसायची, आणि मी आधी विचारायचे, "जेवलीस का?" पुरावा म्हणून ती रिकामं ताट दाखवायची. नंतर नंतर पुरावा मागायची गरज उरली नाही. मुंगीच्या गालांवर मांस दिसायला लागलं. पुढच्या वजनाला काटा सरकला. थोडाच, पण सरकला. परिचारिकेने माझ्याकडे बघून मान हलवली, आणि मला शाळेत बक्षीस मिळाल्यासारखं झालं.

रजा संपायला आली तेव्हा कारखान्यातून त्यांनीच फोन केला. सून जेवायला बसली होती, मुंगी माझ्या खांद्यावर. तिने फोन ताटाशेजारी ठेवून आवाज मोठा केला. व्यवस्थापक अगदी गोड बोलत होता. मोठी मागणी आलीय, कापायला तिच्यासारखा हात नाही, सोमवारपासून आलीस तर वरकड पैसेसुद्धा देऊ, बिनपगारी बसून काय मिळणार आहे.

आकडा त्याने सांगितला. माझा लेक भांडी घासता घासता थांबला. मुंगीला थोपटणारा माझाही हात थांबला, कारण पैसे खरोखरच मोठे होते, आणि पैशासाठी ही बाई काय करू शकते ते मी पाहिलं होतं. दुसऱ्या महिन्याचं भाडं अजून पुरतं जमलेलं नव्हतं. ठरवायचं तिचं होतं.

"साहेब, मी दोन महिन्यांनी येईन," ती म्हणाली. "माझं टेबल ठेवा."

"अगं, पण घर कसं चालवणार तू?"

"चालवतोय आम्ही."

"नीट विचार कर. मी थांबतो फोनवर."

"नका थांबू," सून म्हणाली. "मी जेवतेय." आणि फोन बंद करून तिने माझ्याकडे ताट सरकवलं. "आई, अजून भात वाढा."