घरचा मेंढा

कळसच्या सोनबाचा मेंढा म्हणे वावटळीलाही ढुशी मारून शेजारच्या गावात धाडायचा. तरी सोनबा दर दोन वर्षांनी मेंढा बदलायचा. घरचंच रक्त घरात फिरलं की कोकरं दुबळी निपजतात! थोरली लेक मात्र त्यानं सख्ख्या बहिणीच्याच पोराला दिली होती.

बारामतीत पांढऱ्याफटक नातवाला पुन्हा रक्त चढवताना डॉक्टर म्हणाले, "या आजाराचं जनुक आई-बाप दोघांकडून आलंय. नात्यातलेच ना दोघं?"

सोनबा तसाच गावी परतला. घरी तीच बहीण आपल्या दुसऱ्या पोरासाठी धाकटीलाही मागायला सुपारी घेऊन बसली होती.

"आक्का, आधी दोन्ही पोरांचं रक्त तपासू."

"तपासायचं काय त्यात, येड्या? एकच हाय की आपलं!"

"त्याचंच भ्या वाटतंय," म्हणत सोनबानं सुपारी तिच्या ओटीत परत ठेवली.