पांढऱ्या दोरीचा डबा

शिवतेजनं साहेबांचा डबा शिपायाच्या हातात कोंबला, शर्ट नीट खोचला आणि जिना चढला. बाकीचे डबे त्यानं खाली कामगारांना घाईघाईत वाटून टाकले होते. रोज डबे देऊन तो दारातूनच माघारी जायचा. आज मात्र याच कंपनीत त्याची मुलाखत होती, आणि जीव नुसता खालीवर होत होता.

कराडला इंजिनिअर होऊन वर्ष उलटलं होतं. नोकरी लागेपर्यंत सांगलीत आत्याकडं राहायचं आणि तिचे डबे कुपवाडच्या कारखान्यात पोचवायचे, असं ठरलं होतं. रिकामं बसवत नव्हतं आणि डबे वाटतानाही मन लागत नव्हतं. गड्याचा पाय एका जागी ठरेल तर शपथ!

मुलाखत मात्र झकास रंगली. साहेब खूश दिसले.

"जेवता जेवता बोलू या, चालेल ना तुम्हाला?" म्हणत त्यांनी डबा जवळ ओढला. त्याच्या कडीला पांढरी दोरी होती.

पांढऱ्या दोरीचा डबा अळणी, खाली लेथ यंत्रावरच्या म्हाताऱ्या लालासाहेबांचा. दिवाळीत त्यांच्या छातीत कळ आली, तेव्हापासून आत्या त्यांचं वेगळं शिजवायची. म्हणजे साहेबांचं झणझणीत मटण खाली लालासाहेबांपुढं!

"मग, कामावर कधीपासून याल?" साहेबांनी विचारलं.

याच प्रश्नासाठी तर तो वर्षभर तळमळला होता. उद्यापासून, एवढंच म्हणायचं होतं. पण तोवर खाली म्हाताऱ्यानं निम्मं संपवलं असतं.

"साहेब, ह्यो डबा तुमचा न्हाई. वाटताना माझ्याच हातनं अदलाबदल झाली. आलोच!"

त्यानं त्यांच्यापुढचा डबा उचलला आणि धडाधडा जिना उतरला.

लालासाहेब यंत्राच्या आडोशाला बोटं चाटत बसले होते.

"काका, थांबा! तुमचा डबा ह्यो हाय!"

"ठावं हाय रं. दोरी न्हाई म्हणताच वळखलं," म्हातारा ओशाळून हसला. "पर लय महिन्यांनी तोंडाला चव आली बघ. आत्याला सांगू नगंस."

"आवं, पण किती खाल्लंसा?"

"संपलं की."

शिवतेज मटकन खाली बसला. त्याला रागही आला आणि हसूही. छातीत काही होतंय का, असं विचारणार, तोच जिन्यावरून साहेबांची हाक आली.

"ए पोरा! अरे, माझा डबा कुठाय?"

मघापर्यंत ते त्याला अहो-जाहो करत होते.