पदराच्या गाठीतले घुंगरू

मी एक जुने पितळी घुंगरू आहे. मित्रांनो, माझ्या अंगावर आता काळे डाग पडले आहेत आणि पोटातला लोखंडी खडा झिजून गुळगुळीत झाला आहे. तरी हलवून पाहा, मी अजून वाजते.

माझा जन्म एका ओताऱ्याच्या भट्टीत झाला. गार झाल्यावर त्याने मला कानाशी धरून वाजवले आणि समाधानाने मान डोलावली. पुढे खरसुंडीच्या जनावरांच्या बाजारातून मी कवठे महांकाळजवळच्या एका वाडीत आले. माझा मालक जोतीराम पलटणीत नोकरीला होता. घर आणि शेत त्याची आई बनुबाई आणि बायको शालूबाई सांभाळत. मी त्यांच्या एका खिलार बैलाच्या माळेत राही. आमचा आवाज ऐकून वाटेवरची माणसे कौतुकाने थांबायची आणि मी फुशारून जायचे.

मग बहात्तरचा दुष्काळ आला. वैरण संपली, बैल छावणीत गेले आणि आमची माळ खुंटीवर धूळ खात राहिली. एक दिवस दोरा कुजून मी खाली पडले, ते लालाच्या हाती लागले.

लाला म्हणजे लालासाहेब, शालूबाईचा सहा वर्षांचा मुलगा. तो बोलत नसे. हाक मारली तर वळत नसे. भूक लागली तरी मागत नसे आणि दार उघडे दिसले की सरळ चालू लागे. कोणी त्याला बहिरा म्हणे, कोणी वेडा. शालूबाई कोणालाच उलटून बोलत नसे. लालाला तेवढे जवळ ओढून घेई.

लालाने मला कानाजवळ नेऊन हलवले आणि तो खुदकन हसला. शालूबाई चुलीपुढून उठून आली. तिने मला हळूच त्याच्या हातातून घेतले, दाराआड गेली आणि वाजवले. लाला गर्रकन वळला आणि सरळ तिच्यापाशी आला.

"आवं आत्याबाई, ह्याला ऐकू येतंय! माझ्या लेकराला ऐकू येतंय!" सासूला हाक मारून सांगताना ती हसत होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणीही वाहत होते.

त्या दिवसापासून तिने मला लालाच्या करदोट्यात ओवले. दुष्काळी कामावर पाझर तलाव खोदला जात होता. शालूबाई तिथे खडी फोडायला जाई आणि लाला आसपास फिरे. मी वाजत राहिले की तिचा हातोडा चालत राही. मी गप्प झाले की तिचा हातोडा थांबे.

बनुबाईला हे आवडले नाही. "लेकरू हाय का वासरू? लोक हसत्यात."

"हसू द्यात, आत्याबाई. ह्ये वाजलं की मला कळतं, माझं लेकरू हितंच हाय."

उन्हाळ्यात जोतीराम रजेवर आला. लाला वाजत वाजत अंगणात आला, तसा जोतीरामचा चेहरा उतरला.

"हे काय बांधलंयस पोराला?" त्याने दोरा तोडला. "माझा ल्योक हाय त्यो, जनावर न्हवं. मी हाय तवर मी बघतो त्याला."

मला राग आला नाही. बापाची माया होती ती. शालूबाईने मला पदराच्या टोकाला गाठीत बांधून ठेवले.

दुसऱ्या दिवशी जोतीराम लालाचा हात धरून कामावर आला. गडी भोवती जमले, पलटणीच्या गोष्टी विचारू लागले. बोलता बोलता लालाचा हात सुटला. तेवढ्यात खडकात सुरुंग पेटवल्याची आरोळी आली. माणसे लांब पळाली. मुकादम नानासो लाल निशाण हलवत होता.

"लाला कुटं हाय?" शालूबाईने विचारले. जोतीरामने इकडे तिकडे पाहिले, पण लाला कुठेच दिसेना.

"लाला! आरं लाला!" तो ओरडू लागला. सगळेच ओरडू लागले. कोणाच्याच हाकेला लाला येणार नव्हता.

शालूबाईने दातांनी पदराची गाठ सोडली. मला उंच धरून ती जिवाच्या आकांताने वाजवू लागली. मित्रांनो, बैलाच्या गळ्यातही मी इतके वाजले नव्हते. खडकाजवळच्या एका मोठ्या धोंड्याच्या सावलीतून लाला उठला. डोलत, हसत, सावकाश आमच्याकडे चालू लागला. जोतीराम धावला. त्याने लालाला उचलून छातीशी धरले आणि बांधामागे अंग टाकले. त्याच क्षणी खडक उडाला. दगड पाऊस पडावा तसे पडले. दोघांना खरचटलेसुद्धा नाही.

संध्याकाळी जोतीरामने मला तळहातावर घेतले.

"शालू, ह्याला पोराच्या कमरंला नगं. आपल्या हातात ठिवू. पोराला जनावरावाणी राखायचं न्हाई, बोलवायचं हाय."

मग मी दाराच्या चौकटीला टांगून राहिले. जेवणाची वेळ झाली की बनुबाईच मला वाजवी आणि म्हणे, "ये रं माझ्या राजा." गल्लीतली मुले मला मागून नेत. एकाने वाजवून लपायचे आणि लालाने शोधायचे, असा खेळ त्यांनी काढला. त्याला वेडा म्हणणे कधी बंद झाले, ते त्यांनाही कळले नाही.

वर्षे गेली. लाला उंच झाला, पण बोलला नाही. एका दुपारी शालूबाई शेजारच्या रंगुबाईच्या घरामागच्या रानात शेंगा तोडायला गेली होती. लाला झोपेतून उठला. आई दिसेना. तो सगळ्या घरात फिरला आणि दाराशी आला. त्याने मला काढले. कानाशी नेले नाही. आई धरते तसे उंच धरले आणि वाजवू लागला.

"शालू, कोण वाजवतंय गं?" रंगुबाईने रानात विचारले.

शालूबाई उभी राहिली. ओटीतल्या शेंगा मातीत सांडल्या.

"माझा लाला मला बोलवतोय," ती म्हणाली आणि अनवाणीच धावत सुटली.

मित्रांनो, मला कधीमधी चिंच लावून घासत जा. माझ्यासाठी एवढेच मागणे आहे. आणि तुमच्या गल्लीत हाकेला न वळणारे एखादे मूल असेल, तर त्याच्यावर ओरडू नका, त्याला हसू नका. ते कशाने वळते, ते शोधा. वेळ लागेल. शालूबाईला सहा वर्षे लागली, पण तिने हाक मारणे सोडले नव्हते.