आदिलची सुंता

मेहरुनबीनं नातवाला बखोटीला मारलं, आतल्या खोलीत नेलं आणि कडी घालून दाराला पाठ लावून बसली. बाहेर एकच गलका उडाला. दारात मांडव, परसात बिर्याणीचा हंडा चढलेला, डॉक्टर दुपारी यायचे, आणि सुंतेचा नवरदेवच आजीनं कोंडून घातलेला!

"अम्मा, येड लागलंय का तुला?" तिची लेक नसीम दार बडवत होती. "निम्मं खर्डा गाव जेवायला यायचंय."

"येऊ दे. पोरगं न्हाई द्यायची मी."

सहा वर्षांचा आदिल नव्या शेरवानीत मजेत बसला होता. काल संध्याकाळी त्याचा दुधाचा दात पडला होता. सकाळी मेहरुनबीनं अंथरूण आवरायला घेतलं, तर उशी रक्तानं भिजलेली. अजूनही तो थुंकला की लालच थुंकत होता.

नसीमचे सासरे शिकंदरभाई दाराशी आले. भला माणूस, पण आज त्यांचाही आवाज चढला.

"विहीणबाई, चारचौघांत तोंड दाखवायला जागा ठेवणार का न्हाई आमाला? बिनसुंतेचं पोर मशिदीत कसं उभं करू?"

मग मात्र मेहरुनबीनं इतकी वर्षं गिळलेलं सांगून टाकलं.

"माझा थोरला ल्योक मुश्ताक तापानं न्हाई गेला. सुंतेत गेला. रगत थांबलंच न्हाई. त्याचाबी दात असाच वाहिला हुता. नसीम पाळण्यात हुती. घरात असला रगताचा रोग हाय म्हटलं तर फुडं तिच्या लग्नात आडवं येईल म्हणून आमी तापाचं सांगितलं."

नसीमचा हात दारावर तसाच राहिला. शिकंदरभाईंनी चपला घातल्या आणि मौलानांना घेऊन आले. मौलाना तरुण होते. त्यांनी दाराबाहेर बसून सगळं ऐकून घेतलं.

"सुंता पैगंबरांची रीत आहे, पाळायचीच," ते म्हणाले. "पण जिवावर बेतत असेल तर माफी आहे. आधी नगरला नेऊन रक्त तपासा. डॉक्टर नको म्हणाले तर नको. पोरगा मुसलमान आहेच. तो काही कातडीवर ठरत नाही."

"मग हार घालू ना त्याला?" शिकंदरभाईंनी विचारलं.

"घाला की! बिस्मिल्ला म्हणवून घेऊ, दुआ करू, सगळ्यांना जेवू घाला."

कडी निघाली. नसीमनं पोराला उराशी धरलं. शिकंदरभाईंनी स्वतःच्या हातानं नातवाला हार घातला. पोरगं वाचलं! मेहरुनबीचा जीव भांड्यात पडला खरा, पण ती उंबऱ्यावरून उठेना.

"मौलानासाब, ही माफी आता नवीन निघाली का?"

"नाही अम्मा. पहिल्यापासूनच आहे."

तिनं मान हलवली. मुश्ताकला माती दिली तेव्हा सगळ्यांनी तिला समजावलं होतं, अल्लानं मागितला, तू दिलास, रडू नकोस. त्या एका बोलावर बाईनं अख्खा जन्म काढला. पोटचा गोळा गेला तरी मोकळेपणी रडली नव्हती. देणाऱ्यानं परत मागितल्यावर रडायचं कसं?

"अम्मा, चल, दोन घास खाऊन घे," नसीम तिच्याजवळ बसत म्हणाली.

मेहरुनबीनं लेकीचं मनगट घट्ट धरलं.

"मागितलाच नव्हता गं त्यानं," ती म्हणाली. "आमीच दिला."